बारा इंची पत्रा, दोन घड्या आणि जास्तीत जास्त पाणी: पन्हळीचं गणित नेमकं काय सांगतं?

मुंबई : मिरग तोंडावर आला की गिरगावातल्या कौलारू चाळींवर माणसं चढलेली दिसतात. फुटकी कौलं बदलायची, मोरचूद-डांबर लावायचं आणि गेल्या वर्षी गंजून गेलेली पन्हळ काढून नवी लावायची, ही मे महिन्यातली ठरलेली कामं. परळ-लालबागमध्ये त्याच दिवसांत गणपतीच्या कार्यशाळांसाठी पत्र्याचे आणि ताडपत्रीचे मांडव उभे राहायला लागतात. पाऊस सुरू झाला की छपराचं सगळं पाणी कडेला येतं, आणि ते नीट वाहून नेणारी पन्हळ लहान पडली की थेट भिंतीत, नाहीतर शाडूच्या ओल्या मूर्तीवर. पेणच्या कारखान्यांत काय आणि लालबागच्या गल्लीत काय, एका रात्रीच्या गळतीनं दोन महिन्यांची मेहनत मातीत जाऊ शकते.

पन्हळ करून देणारा फॅब्रिकेशनवाला सहसा एकच प्रश्न विचारतो, "किती इंची पाहिजे?" म्हणजे पत्र्याची पट्टी किती रुंद कापू. पैसे त्या रुंदीवर लागतात. पण तीच पट्टी कुठे आणि किती दुमडायची यावर पन्हळीत किती पाणी मावणार हे ठरतं, आणि ते कोणी विचारत नाही. पत्रा तेवढाच, घड्या तेवढ्याच, मजुरी तेवढीच, तरी एका पन्हळीत दुसरीपेक्षा १५ टक्के जास्त जागा निघू शकते. दहावीच्या गणित भाग १ मध्ये जी वर्गसमीकरणं शिकवतात, त्यांच्याच जोरावर हे समजतं.

आधी चौकोनी पन्हळ

समजा, बारा इंच रुंदीची पट्टी आहे. दोन्ही कडा सरळ वर दुमडल्या की पेटीसारखी चौकोनी पन्हळ तयार होते. आता कडा किती इंच वर घ्यायच्या?

एक-एक इंच घेतल्या तर तळाला दहा इंच उरतात. पन्हळीचं तोंड समोरून पाहिलं तर एक गुणिले दहा, म्हणजे १० चौरस इंच जागा. दोन-दोन इंच घेतल्या तर तळ आठ, जागा १६. तीन-तीन घेतल्या तर तळ सहा, जागा १८. वाटतं की आणखी उंच केली तर आणखी वाढेल. पण चार-चार घेतल्या तर तळ चारच उरतो आणि जागा परत १६ वर येते. पाच-पाच घेतल्या तर तळ दोन इंच, जागा १०. उथळ पन्हळ जेवढी वाईट, तेवढीच अरुंद आणि खोल पन्हळही वाईट.

तीनवर सगळ्यात जास्त आली हे तर दिसलं. पण पावणेतीन किंवा सव्वातीनवर थोडी जास्त नसेल कशावरून? इथं आकडे करून बघण्याचा मार्ग संपतो आणि बीजगणित लागतं.

कडेची उंची क्ष इंच धरा. दोन्ही बाजूंना मिळून २क्ष गेले, तळाला १२ − २क्ष उरले. जागा झाली क्ष × (१२ − २क्ष). आता ही जागा दुप्पट करून बघा: २क्ष × (१२ − २क्ष). या दोन संख्यांची बेरीज कायम १२ आहे, क्ष काहीही असला तरी. बेरीज ठरलेली असताना गुणाकार सगळ्यात मोठा कधी होतो? दोन्ही संख्या सारख्या असतील तेव्हा. सहा आणि सहा. म्हणजे २क्ष = ६, क्ष = ३. दुप्पट जागा ३६, खरी जागा १८.

"सारख्या असल्या की गुणाकार मोठा" हे कशावरून, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर पूर्ण वर्ग पद्धतीत आहे. तीच जागा अशी मांडता येते: १८ − २(क्ष − ३)². कंस सोडवून बघा, १२क्ष − २क्ष² च येतं. आता कोणत्याही संख्येचा वर्ग शून्यापेक्षा कमी होत नाही. म्हणजे १८ मधून काहीतरी वजाच होणार, नाहीतर शून्य वजा होणार. शून्य फक्त क्ष बरोबर तीन असतानाच. पावणेतीन घेतले तर जागा १८ पेक्षा एक अष्टमांश चौरस इंचानं कमी, सव्वातीन घेतले तरी तेवढीच कमी. वाद मिटला.

ही वर्ग पूर्ण करायची युक्ती आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि त्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' ११५० सालचा. त्यातल्या 'बीजगणित' या भागात वर्गसमीकरणं सोडवायची ही रीत 'मध्यमाहरण' नावानं येते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा उल्लेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यानं तिथं मठ सुरू केला. रीत आठशे वर्षांहून जुनी, आणि पोरं अजून विचारतात की याचा उपयोग काय.

शेतात हाच हिशेब वेगळ्या रूपात येतो. एका बाजूला ओढा आहे, १२० मीटर तार आहे, उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालून जास्तीत जास्त जमीन घेरायची. उत्तर: ओढ्याकडे जाणाऱ्या दोन बाजू ३०-३० मीटर, समोरची ६० मीटर. पट्टीच्या चौथ्या भागात कड आणि निम्म्या भागात तळ, तेच प्रमाण. जमीन निघते १८०० चौरस मीटर.

कडा सरळ उभ्याच का ठेवायच्या?

इथं खरी गंमत आहे. पेटीसारखी पन्हळ करायला दोन घड्या लागतात. त्याच दोन घड्या घालून कडा थोड्या बाहेर कललेल्या ठेवल्या तर? तोंड रुंद होतं, खोली थोडी कमी होते. फायदा की तोटा?

बारा इंचाचे चार-चार-चार असे तीन सारखे भाग करा. मधला तळ, बाजूचे दोन कडा. कडा सरळ उभ्या केल्या तर चार गुणिले चार, १६. आता प्रत्येक कड बाहेर कलवा. वरचं टोक तळाच्या कोपऱ्यापासून एक इंच बाहेर गेलं तर जागा १९.३६ होते. दोन इंच बाहेर गेलं तर २०.७८. तीन इंच गेलं तर परत उतरून १८.५२. दोन इंचावर सगळ्यात जास्त.

याचंही बीजगणित आहे, जरा लांब आहे, पण घाबरण्यासारखं नाही. कड बाहेर कलली ते अंतर त म्हणा. कडेची लांबी चारच आहे, म्हणून पायथागोरसप्रमाणे खोलीचा वर्ग १६ − त². तळ चार, तोंड ४ + २त, दोन्हींची सरासरी ४ + त. जागा म्हणजे सरासरी रुंदी गुणिले खोली. वर्गमूळ नको म्हणून जागेचा वर्ग करू: (४ + त)² × (१६ − त²). यातला १६ − त² म्हणजे (४ + त)(४ − त). सगळं मिळून (४ + त) तीन वेळा आणि (४ − त) एकदा, असा गुणाकार झाला.

आता मघाचीच युक्ती. तिन्ही (४ + त) ना तीननं भागा. चार संख्या झाल्या: तीन वेळा (४ + त)/३ आणि एकदा (४ − त). यांची बेरीज किती? (४ + त) + (४ − त), म्हणजे ८. कायम आठ. चार संख्यांची बेरीज ठरलेली असेल तर गुणाकार सगळ्यात मोठा केव्हा, तर चारही सारख्या असतील तेव्हा. (४ + त)/३ = ४ − त मांडलं की त = २ निघतं. बाहेर कललेलं अंतर दोन इंच, बरोबर आकड्यांनी दाखवलं तेच.

तोंड झालं ४ + २ + २ = ८ इंच. तळाच्या बरोबर दुप्पट. कारागिराला कोन मोजायचं साधन लागत नाही. तीन भाग सारखे घ्या आणि तोंड तळाच्या दुप्पट होईपर्यंत कडा उघडा, टेप लावून बघा, झालं. ज्याला कोनच हवा त्याच्यासाठी, कड आडव्या रेषेशी ६० अंश करते. खोली साधारण साडेतीन इंच येते.

१८ च्या जागी २०.७८ म्हणजे साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास वाढ. पत्र्याचा एक इंचही जास्त लागला नाही.

आरशातली पन्हळ

हे सगळं नुसतं बघून समजून घ्यायचं असेल तर पन्हळीच्या तोंडावर आरसा ठेवा, म्हणजे तशीच उलटी पन्हळ वर बसवलेली कल्पना करा. पेटीची पन्हळ आणि तिचं प्रतिबिंब मिळून आयत होतो, २४ इंच घेराचा. ठरलेल्या घेराच्या आयतांत सगळ्यात मोठा चौरस, ६ गुणिले ६. त्याचा अर्धा १८. कललेल्या कडांची पन्हळ आणि तिचं प्रतिबिंब मिळून सहा बाजूंची आकृती होते. सगळ्या बाजू चार-चार इंच आणि सगळे कोन सारखे असतील तर ती मधमाशीच्या पोळ्यातली षटकोनी घरं. गणितानं सिद्ध झालेलं आहे की घेर आणि बाजूंची संख्या ठरलेली असेल तर सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेली आकृती सगळ्यात जास्त जागा घेरते.

याच आरशातून आणखी एक गोष्ट दिसते. एकच घडी मध्यावर घालून इंग्रजी 'व्ही' सारखी पन्हळ केली तर? दोन्ही बाजू सहा-सहा इंच, मध्ये काटकोन. जागा निघते १८ च. कारण प्रतिबिंबासकट तोच ६ गुणिले ६ चा चौरस, फक्त कोपऱ्यावर उभा केलेला. म्हणजे जागेच्या हिशेबानं दोन घड्यांची उत्तम पेटी आणि एका घडीचा 'व्ही' यांत काडीचा फरक नाही. दुसऱ्या घडीचे पैसे देऊन कडा सरळ उभ्याच करायच्या असतील तर ती घडी फुकट गेली म्हणायची. ('व्ही' खाली टेकायला जागा नसते, ब्रॅकेटवर नीट बसत नाही आणि पानं टोकात अडकतात, म्हणून तो फारसा कोणी लावत नाही, ती गोष्ट वेगळी.)

घड्या वाढवत गेलं तर? तीन घड्या घालून तीन-तीन इंचाचे चार भाग केले तर २१.७३. आणि घडीच न घालता रोलरवर पूर्ण गोल वाकवून अर्धगोल पन्हळ केली तर २२.९२, ही शेवटची हद्द. बारा इंची पट्टीतून यापेक्षा जास्त जागा कोणत्याच आकारानं निघत नाही. बाजारात मिळणाऱ्या अर्धगोल पीव्हीसी पन्हळी त्या आकाराच्या असतात त्यामागं हेही एक कारण. पण गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे फोल्डिंग मशीन असतं, रोलर असेलच असं नाही. दोन घड्यांत २०.७८ मिळत असताना तिसऱ्या घडीनं मिळणारा एक इंचही भरायचा नाही, म्हणून व्यवहारात तीन सारख्या भागांची पन्हळ सगळ्यात परवडणारी.

जागा वाढली की पाणी त्याहून जास्त वाढतं, हा आणखी एक मुद्दा. पाणी वाहताना पत्र्याला घासतं आणि तिथं त्याचा वेग मरतो. पन्हळ भरून वाहत असेल तर वरच्या सगळ्या आकारांत घासणारा पत्रा बारा इंचच आहे, पण आत पाणी जास्त आहे. म्हणून वेगही वाढतो. कालवे आणि गटारांचा प्रवाह काढायला अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाचं सूत्र वापरतात. त्या सूत्रानं, उतार तोच ठेवून, पेटीच्या मानानं कललेली पन्हळ साधारण २७ टक्के जास्त पाणी नेते आणि अर्धगोल जवळपास दीडपट. सिमेंटच्या पाटाचा आडवा छेद वर रुंद आणि खाली अरुंद दिसतो त्यातही हाच हिशेब असतो. मातीच्या कालव्याला मात्र ६० अंशाची कड टिकत नाही, ढासळते, म्हणून तिथं उतार आणखी पसरट ठेवतात.

छपरावर किती पाणी पडतं?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं तोंडी होतं. २० फूट बाय १५ फुटाचं छप्पर, म्हणजे जवळपास २८ चौरस मीटर. तासाला १०० मिमीची सर आली तर तासाला २८०० लिटर, मिनिटाला ४६-४७ लिटर. एवढ्याला बारा इंची पट्टीची कोणतीही पन्हळ पुरते, खरं तर आठ इंचीतही भागतं. लहान घराला आकाराचा हिशेब पाणी जास्त नेण्यासाठी नाही, पत्रा कमी घेण्यासाठी कामाला येतो.

चाळीचं तसं नाही. १०० फूट लांब आणि उतारावर २० फूट रुंद असं एका बाजूचं कौलारू छप्पर धरलं तर त्याच सरीत मिनिटाला ३१० लिटर पाणी एकाच पन्हळीत येतं. १५ लिटरच्या वीस बादल्या, दर मिनिटाला. आणि कित्येकदा खाली जाणारा पाइप एकाच टोकाला. इथं पेटी ओसंडते आणि कललेली पन्हळ तग धरते, असा फरक पडू शकतो.

परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये तर हा प्रश्न छपराच्या मधोमध होता. कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या हजारो कामगारांना ती करवतीच्या दातांसारखी छपरं आठवत असतील. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा. दोन दातांच्या मधल्या खाचेत पन्हळ. घराची पन्हळ ओसंडली तर पाणी अंगणात पडतं, गिरणीतली ओसंडली तर खाली चालू माग आणि सूत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली. त्या छपरांच्या जागी आता बरेच ठिकाणी टॉवर आहेत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. वरच्या २० बाय १५ च्या छपरावर तेवढा पाऊस पडला तर २६ हजार लिटरच्या वर पाणी होतं. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७३ मिमीच्या आसपासच नोंद झाली. एकाच शहरात एवढी तफावत असते, म्हणून पन्हळ सरासरी पावसावर नाही, मोठ्या सरीवर बेतायची असते.

कारागिराला काय सांगायचं?

कागदावरचे बारा इंच प्रत्यक्षात बारा राहत नाहीत. पत्र्याची कड हाताला कापते आणि लवते, म्हणून दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच आत दुमडावा लागतो. त्यामुळे पट्टी ठरवतानाच तो इंच धरावा. साधा पत्रा चार फूट रुंद मिळतो, म्हणजे ४८ इंच. त्याच्या १६ इंची तीन पट्ट्या निघतात, तुकडा वाया जात नाही. १६ मधून कडेचा एक इंच गेला, उरले १५. पाच-पाच-पाच. खुणा करायच्या त्या अर्ध्या, साडेपाच, साडेदहा आणि साडेपंधरा इंचावर. तोंड दहा इंच उघडलं की थांबायचं. जागा मिळते साडेबत्तीस चौरस इंचाच्या जवळ, आणि याच पट्टीची उत्तम पेटी केली असती तर २८ च्या थोडी वर.

उतार विसरून चालत नाही. दहा फुटांना अर्धा इंच तरी द्यावा, नाहीतर आकार कितीही चांगला असला तरी पाणी साचून राहतं, डास होतात आणि पत्रा तिथंच आधी गंजतो. कललेल्या कडेच्या पन्हळीला पेटीची ब्रॅकेट चालत नाहीत, ती त्याच कोनात वाकवून घ्यावी लागतात. हे कारागिराला आधी सांगितलं नाही तर तो कडा दाबून सरळ करतो आणि सगळा हिशेब पाण्यात.

खाली जाणारा पाइप हा तर बहुतेक ठिकाणी खरा अडसर असतो. चार इंची पाइपाचं तोंड दोन इंची पाइपाच्या चौपट असतं, दुप्पट नाही. मोठी पन्हळ लावून दोन इंची पाइप जोडला तर पाणी पन्हळीतच तुंबणार. लांब छपराला दोन्ही टोकांना पाइप दिला तर प्रत्येक बाजूला निम्मंच पाणी जातं, आणि मग लहान पन्हळही पुरते.

तिथून पुढचं पाणी कुठं जातं हा प्रश्न मुंबईत पन्हळीपेक्षा मोठा आहे. शहरातली जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबानं बांधलेली होती, ती क्षमता ५० मिमीपर्यंत न्यायचं काम नंतर हाती घेतलं गेलं. दादर-परळच्या मध्ये असलेला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे, चारी बाजूंनी पाणी तिथंच उतरतं. तिथलं पाणी तात्पुरतं साठवण्यासाठी महापालिकेनं दादरला प्रमोद महाजन कला पार्क आणि परळला सेंट झेव्हियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. गावाकडे तेवढी अडचण नसते. पाइपाचं तोंड विहिरीजवळच्या शोषखड्ड्याकडे किंवा टाकीकडे वळवता येतं, फक्त पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, कारण त्यात छपरावरची वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.